नानीचा कागद आणि एका शब्दाचे अर्थ

वसमतच्या तहसील कचेरीसमोर मी तीस वर्षे दस्त लिहितो. खरेदीखत, बक्षीसपत्र, वाटणीपत्र, गहाणखत ही माझी रोजची भाकरी. त्यासोबत एक जोडकाम आपोआप गळ्यात पडले, ते म्हणजे निजामाच्या काळातले उर्दू कागद वाचून लोकांना मराठीत सांगणे. आमचा मुलूख १९४८च्या सप्टेंबरपर्यंत हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे जमिनीचे, इनामाचे, अदालतीचे जुने कागद उर्दूत आहेत आणि ते वाचणारी पिढी आता जवळजवळ संपली आहे. माझी शाळा मराठी माध्यमाची. उर्दू वडिलांनी घरी शिकवली. कारकुनी घसरट्या हातातली शिकस्ता मात्र मी एकट्याने, भिंग घेऊन, कागद पुढे धरून शिकलो. मी विद्यापीठाची पायरी संशोधक म्हणून कधी चढलेलो नाही, हे वाचकांना आधीच सांगितलेले बरे. अलीकडे कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा हळदीच्या हंगामात मोंढ्यात असते तशी गर्दी माझ्या टेबलाभोवती असे.

दुसऱ्यांचे कागद वाचण्यात आयुष्य गेले, घरचा कागद मात्र आई गेल्यावर हाती आला. तिच्या पत्र्याच्या पेटीत, रेशन कार्ड आणि वडिलांच्या चष्म्याखाली, मेणकापडात गुंडाळलेला. तो माझ्या नानीचा, म्हणजे आईच्या आईचा, सियाहा होता. आमच्याकडे निकाहाच्या लेखी नोंदीला जुनी माणसे सियाहा म्हणत. साल १३४७ फसली. फसलीत ५९० मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे १९३७-३८. वधू-वरांची नावे, वकील, दोन गवाह, आणि मेहर साडेतीनशे रुपये सिक्का हाली. त्यातला निम्मा मुअज्जल आणि निम्मा मुवज्जल. कानाला हे दोन शब्द जवळपास सारखे लागतात, पण एक 'ऐन'ने लिहितात आणि एक 'हमजा'ने. पहिल्याचा अर्थ लगेच द्यायचा, दुसऱ्याचा अर्थ नंतर द्यायचा. एका अक्षरावर बाईचा पैसा अडतो.

खाली, मेहरच्या नोंदीनंतर, वेगळ्या शाईत चार ओळी होत्या. त्यांचा मतलब असा : नवऱ्याने बायकोला खर्चापाण्यावाचून वर्षभर सोडून दिले, किंवा तिच्या राजीखुशीवाचून दुसरी बायको त्याच घरात आणून ठेवली, तर स्वतःला तलाक देऊन घेण्याचा इख्तियार बायकोकडे राहील. खाली नानाची सही आणि नानीचा अंगठा.

मी तो कागद तीनदा वाचला. मग एक जुनी गोष्ट आठवली. लहानपणी नाना-नानीचे भांडण व्हायचे. नाना आवाज चढवायचे आणि नानी चुलीपुढून न उठता म्हणायची, "मेरा कागद निकालू क्या?" नाना गप्प. आम्हा पोरांना वाटे की तो शेताचा कागद असावा. नानीला अक्षर ओळखत नव्हते, पण कागदात काय आहे ते तिला पाठ होते.

या व्यवस्थेला फिकहमध्ये 'तलाक-ए-तफवीज' म्हणतात. तफवीज म्हणजे सोपवणे. हनफी मजहबात तलाकचा अधिकार नवऱ्याचा मानला जातो, पण तो अटी घालून बायकोकडे सोपवता येतो, यावर जुन्या फकिहांचे दुमत नाही. म्हणजे नानीच्या बापाने काही बंड केले नव्हते. तो वसमतजवळच्या खेड्यातला, पाचवक्ती नमाजी, चार एकरांचा धनी. त्याला कुणी सुधारक म्हटले असते तर तो रागावला असता. मग प्रश्न पडतो की त्याच्या पणतवाच्या, म्हणजे माझ्या, १९९७च्या निकाहनाम्यात असे काही का नव्हते? आणि आज मशिदीच्या कट्ट्यावर कुणी हा विषय काढला तर 'हे दीनमध्ये कुठून आले' असे विचारणारेच जास्त का निघतात? या दोन प्रश्नांमागे मी गेली दोन वर्षे लागलो होतो. त्याला आणखी एक कारण होते, ते शेवटी सांगतो.

एक आयत, चार शब्द

नवरा-बायकोच्या नात्यात कोण वरचढ, याचा वाद निघाला की बोट जाते कुरआनच्या चौथ्या सूरेतल्या, 'अन्-निसा'मधल्या, चौतिसाव्या आयतीवर. पुरुष हे स्त्रियांचे 'कव्वाम' आहेत, असे ती सांगते आणि दोन कारणे देते : अल्लाहने काहींना काहींवर दिलेला 'फज्ल', आणि पुरुष आपल्या मालातून करतात तो खर्च. पुढे बायकोकडून 'नुशूज'ची भीती असेल तर तीन पायऱ्या सांगितल्या आहेत : समजावणे, बिछाना वेगळा करणे, आणि तिसरी 'जरब'. वाद आहे तो या चार शब्दांच्या अर्थाचा.

'कव्वाम' हा शब्द उभे राहणे या अर्थाच्या धातूपासून आला. जो दुसऱ्यासाठी उभा राहतो तो कव्वाम. आता उभा राहतो तो राखणदार म्हणून, कारभारी म्हणून, की हाकिम म्हणून? जुन्या तफसीरकारांपैकी बहुतेकांनी हाकिमाकडे कल दिला. 'जरब'चा रूढ अर्थ मारणे. पण अरबीत हा धातू उदाहरण देणे, प्रवासाला निघणे अशा कितीतरी अर्थांनी येतो आणि कुरआनमध्येही तसा आलेला आहे. 'नुशूज'ची गंमत अशी की हाच शब्द त्याच सूरेत १२८व्या आयतीत नवऱ्याबद्दल आला आहे. बायकोचा नुशूज असला की भाषांतरकार 'अवज्ञा' लिहितात, आणि नवऱ्याचा असला की 'दुर्लक्ष' किंवा 'वाईट वागणूक'. शब्द तोच.

या आयतीच्या लगेच पुढची, पस्तिसावी, मशिदीच्या कट्ट्यावर फार कमी ऐकू येते. फूट पडेल असे वाटले तर एक पंच नवऱ्याच्या घरचा आणि एक बायकोच्या घरचा नेमा, असे ती सांगते. दोन्ही बाजूंचे वजन सारखे. याशिवाय नवरा-बायकोला एकमेकांचा पोशाख म्हणणारी दुसऱ्या सूरेतली आयत आहे, आणि दोघांमध्ये प्रेम व दया ठेवली असे सांगणारी तिसाव्या सूरेतली. कोणती आयत पाया धरायची आणि कोणती तिच्या उजेडात वाचायची, इथूनच अर्थांच्या वाटा फुटतात.

आपल्याच संस्थानातले पाच जण

मी पुस्तके जमवू लागलो तसे एक ध्यानात आले. या वादातली पाच मोठी नावे एका ना एका काळी आमच्याच हैदराबाद संस्थानाशी बांधलेली होती. वसमतचा सारा ज्या खजिन्यात जमा होत होता त्याच खजिन्यातून यांतल्या तिघांना तरी पगार मिळत होता. आणि पाचही जणांचे म्हणणे वेगवेगळे.

पहिले मौलवी चिराग अली. जन्म १८४४. सर सय्यद अहमद खान यांच्या वर्तुळातले. १८७७च्या सुमारास सालारजंगांच्या कारकिर्दीत ते हैदराबादला आले आणि महसूल व वित्त खात्यांत मोठ्या पदांवर गेले. १८८३ साली मुंबईत त्यांचे इंग्रजी पुस्तक छापले गेले. उस्मानी साम्राज्य आणि इतर मुस्लिम राज्यांत कोणत्या सुधारणा व्हाव्यात, हा त्याचा विषय. त्यांचा मुद्दा रोखठोक होता : कुरआन वेगळे आणि फकिहांनी पुढे रचलेला कायदा वेगळा. कायदा माणसांनी केला, तो माणसे बदलू शकतात. चार बायकांच्या परवानगीला कुरआनने न्यायाची अट घातली आणि त्याच सूरेत पुढे असेही म्हटले की असा न्याय तुमच्याने होणार नाही. या दोन आयती एकत्र वाचल्या तर एकच बायको हाच कुरआनचा रोख ठरतो, असे त्यांचे म्हणणे. चिराग अली १८९५ साली वारले. त्यांच्या हयातीत हे मत दरबारी दिवाणखान्याबाहेर फारसे गेले नाही.

दुसरे अब्दुल्ला यूसुफ अली. जन्म मुंबईचा, १८७२चा. आय.सी.एस. अधिकारी, पुढे १९२१-२२मध्ये हैदराबादचे महसूलमंत्री. त्यांचे कुरआनचे इंग्रजी भाषांतर १९३४पासून लाहोरहून भागाभागांनी निघाले आणि जगभर गेले. त्यांनी 'कव्वाम'साठी राखणारा आणि पोसणारा अशा आशयाचे शब्द घेतले. 'जरब'पाशी आल्यावर मात्र त्यांचा हात अडखळलेला दिसतो. मारण्याचा अर्थ त्यांनी ठेवला, पण कंसात 'हलकेच' असा शब्द आपल्याकडून घातला. मूळ अरबीत तो नाही. तो कंस म्हणजे एका सभ्य माणसाची अडचण आहे, असे मला नेहमी वाटते.

तिसरे मार्माड्यूक पिकथॉल. इंग्रज कादंबरीकार, पुढे मुसलमान झालेले. निजामाच्या नोकरीत चादरघाट हायस्कूलचे मुख्याध्यापक आणि 'इस्लामिक कल्चर' या त्रैमासिकाचे संपादक. भाषांतर पुरे करण्यासाठी निजामाने त्यांना भरपगारी रजा दिली आणि १९३०मध्ये ते प्रसिद्ध झाले. यूसुफ अलींसारखा कंस त्यांनी घातला नाही. उलट 'जरब'साठी चाबकाची आठवण यावी असा कडक इंग्रजी शब्द वापरला. पण हेच पिकथॉल मद्रासच्या व्याख्यानांत हिंदुस्थानातल्या मुसलमान बायकांना चार भिंतींत डांबण्याच्या चालीवर तुटून पडले होते. हा इस्लाम नव्हे, असे त्यांनी बजावले. भाषांतरात अक्षराला चिकटलेला माणूस व्याख्यानात चालीरीतींच्या विरोधात उभा राहिला.

चौथे तर मराठवाड्यातच जन्मले. सय्यद अबुल आला मौदूदी, जन्म औरंगाबाद, २५ सप्टेंबर १९०३. वडील तिथे वकील. मौदूदी १९३३पासून हैदराबादेत 'तर्जुमानुल कुरआन' हे मासिक चालवू लागले आणि १९३८मध्ये पठाणकोटला गेले. 'परदा' या त्यांच्या पुस्तकात बाईचे क्षेत्र घर, पुरुषाचे क्षेत्र बाहेर आणि पुरुष घराचा जबाबदार कारभारी, ही मांडणी पक्की आहे. पाश्चात्त्य स्त्री-स्वातंत्र्यावर त्यांचा राग उघड आहे. पण त्यांचेच 'हुकूक-उज्-जौजैन', म्हणजे पती-पत्नींचे हक्क, वाचताना मी चकित झालो. नवऱ्याला जसा तलाक तसा बायकोला खुला, आणि तो तिचा खरा हक्क आहे, नवऱ्याच्या मेहेरबानीवर टांगलेला नाही, असे ते तिथे मांडतात. आधार पैगंबरांच्या काळातला. साबित बिन कैस यांच्या पत्नीने सांगितले होते की नवऱ्याच्या वागण्यात खोट नाही, पण मला त्याच्यासोबत राहता येत नाही. मेहर म्हणून मिळालेली बाग परत देशील का, एवढेच पैगंबरांनी विचारले. तिने होकार दिला आणि ती मोकळी झाली. कारण पुरेसे आहे की नाही याची उलटतपासणी झाली नाही. मौदूदी यावर बोट ठेवतात आणि हिंदुस्थानातल्या मुसलमान बायकांचे हाल फिकहच्या आंधळ्या नकलेने झाले, असे म्हणतात. आज त्यांचे नाव घेणाऱ्या कितीजणांनी हे पुस्तक उघडले असेल?

पाचवे मुहम्मद असद. जन्माने ज्यू, लव्होव शहरातले, मूळ नाव लिओपोल्ड वाइस. पिकथॉल यांच्या १९३६मधल्या निधनानंतर 'इस्लामिक कल्चर'चे संपादन काही काळ त्यांच्याकडे होते. त्यांचे भाषांतर खूप उशिरा, १९८०मध्ये, पूर्ण निघाले. 'कव्वाम' म्हणजे पूर्ण काळजी वाहणारा, असा त्यांचा अर्थ. 'जरब'चा रूढ अर्थ त्यांनी नाकारला नाही, पण तळटिपेत बायकोवर हात उचलण्याबद्दल पैगंबरांना किती तिटकारा होता याच्या हदीसी एकापाठोपाठ मांडल्या.

पुढची पायरी बायकांनी स्वतः गाठली. अमेरिकेतल्या अमीना वदूद यांनी १९९२च्या पुस्तकात दाखवले की 'कव्वाम' हे कामाचे वर्णन आहे, जन्मसिद्ध पद नव्हे. जो पोसतो त्याची ती जबाबदारी, आणि अट सुटली की पदही सुटते. लालेह बख्तियार यांनी २००७च्या भाषांतरात 'जरब'चा अर्थ दूर होणे असा घेतला, आणि त्यावर मोठा गदारोळ झाला. अरबी व्याकरणाच्या कसोटीवर तो अर्थ टिकत नाही, असे म्हणणारे विद्वानही बरेच आहेत. माझी अरबी या वादात पंच होण्याइतकी नाही. पण हलकेच मारण्याची सोय शोधणारे आणि मारूच नये याचा आधार शोधणारे दोघेही एकाच ग्रंथापुढे बसले आहेत, एवढे मला दिसते.

एका हाताने लिहिलेली दोन पुस्तके

यावरून कुणी अशी सोपी वाटणी करील की सुधारक बायकांच्या बाजूचे आणि मौलवी विरुद्ध बाजूचे. कागद तसे सांगत नाहीत.

लाहोरचे मुमताज अली देवबंदला शिकलेले. त्यांनी १८९८मध्ये 'हुकूक-ए-निस्वां' लिहिले आणि पुरुषांच्या श्रेष्ठत्वाच्या एकेका दलीलीचा समाचार घेतला. हस्तलिखित त्यांनी सर सय्यदांना दाखवले, तर त्या थोर सुधारकाने ते फाडून टोपलीत टाकले अशी हकीकत आहे. पुस्तक सर सय्यदांच्या निधनानंतर छापले गेले. १९१८मध्ये लाहोरला मुस्लिम महिलांच्या परिषदेने बहुपत्नीत्वाविरुद्ध ठराव केला तेव्हा उर्दू वर्तमानपत्रांत मोठा ओरडा झाला. हैदराबादेत सुगरा हुमायूं मिर्झा यांनी 'अन्-निसा' मासिक चालवून बायकांच्या शिक्षणाचा प्रश्न बायकांच्याच तोंडून मांडला.

आणि दुसरीकडे मौलाना अशरफ अली थानवी. त्यांचे 'बहिश्ती जेवर' आमच्याकडे मुलीला लग्नात देण्याची रीत होती. माझ्या आईलाही मिळाले होते. नवऱ्याची मर्जी राखण्याची शिकवण त्यात पानोपानी आहे. पण याच थानवींनी १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला 'अल्-हीलतुन्-नाजिजा' नावाचे पुस्तक लिहिले. कारण मोठे नाजूक होते. हनफी मजहबात बायकोला काझीकडून सुटका मिळण्याची दारे फार अरुंद. नवरा बेपत्ता झाला तर तो जगण्याचे वय उलटेपर्यंत तिने थांबायचे. तेव्हा पंजाबात बायका एक वाट काढू लागल्या : इस्लाम सोडल्याचे जाहीर करायचे, म्हणजे निकाह आपोआप तुटतो. धर्म सोडल्याशिवाय नवरा सुटत नाही, ही पाळी पाहून थानवी हादरले. त्यांनी मदीनेच्या मालिकी उलेमांकडून फतवे मागवले आणि अशा बाबतीत मालिकी मताप्रमाणे चालावे असे ठरवले. मालिकी मजहबात बेपत्ता नवऱ्यासाठी मुदत चार वर्षांची आहे. त्याच पुस्तकात त्यांनी आणखी एक उपाय सांगितला : निकाहाच्या वेळीच तफवीजच्या अटी लिहून घ्याव्यात.

माझ्या नानीच्या कागदातल्या चार ओळी त्या काळातल्या आहेत. नानीच्या बापाने थानवींचे नाव ऐकले होते की नाही, ते सांगायला आता कुणी उरले नाही. पण त्या वर्षांत ही चर्चा हवेत होती.

या खटपटीतून १७ मार्च १९३९चा मुस्लिम विवाह विच्छेद कायदा झाला. विधेयक काझी मुहम्मद अहमद काजमी यांनी मांडले होते. चार वर्षे बेपत्ता, दोन वर्षे पोटगी नाही, सात वर्षांची कैद, क्रूरपणा अशी कारणे त्यात आली. केवळ धर्म सोडल्याने निकाह तुटणार नाही, हेही आले. अटी लिहून घेण्याची गोष्ट मात्र पुस्तकातच राहिली. आणि तो कायदा ब्रिटिश हिंदुस्थानचा होता, आमचा तालुका तेव्हा निजामाकडे. १९३९ साली इथल्या बाईपाशी जे काही होते ते काझीच्या दप्तरात आणि तिच्या पेटीतल्या कागदात.

पुढे १९६१च्या कौटुंबिक कायद्यानंतर पाकिस्तानात, आणि त्याचाच वारसा म्हणून बांगलादेशात, निकाहनाम्याच्या छापील नमुन्यात अठराव्या रकान्यात विचारले जाऊ लागले : नवऱ्याने तलाकचा अधिकार बायकोला सोपवला आहे काय? पाकिस्तानात तो रकाना वधूला न विचारताच आडवी रेघ मारून बंद केला जातो, अशी तिथल्या बायकांची जुनी तक्रार आहे. रकाना असून उपयोग नाही, तो वाचून दाखवणारा हवा.

मराठी मुलखातला वाद

आपल्याकडे हा प्रश्न रस्त्यावर आणला हमीद दलवाईंनी. १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुस्लिम स्त्रिया मुंबईत विधानभवनावर मोर्चाने गेल्या. २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झाले. दलवाईंची भूमिका वर सांगितलेल्या सर्वांहून वेगळी होती. आयतीचा अर्थ काय, या वादात त्यांना शिरायचेच नव्हते. नागरिक बाईचा हक्क ग्रंथाच्या अर्थावर अवलंबून राहू नये, असे त्यांचे म्हणणे. दुसऱ्या बाजूने डिसेंबर १९७२मध्ये मुंबईत मोठे अधिवेशन भरले आणि १९७३मध्ये हैदराबादेत ऑल इंडिया मुस्लिम पर्सनल लॉ बोर्ड उभे राहिले. मुंबईतच असगर अली इंजिनिअर यांनी तिसरी वाट धरली : कुरआनमधल्या काही आयती त्या काळच्या अरबस्तानाशी बोलतात, काही सर्व काळाशी, आणि न्याय व समता दुसऱ्या प्रकारात येतात. २००७मध्ये स्थापन झालेल्या भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाच्या बायका याच वाटेने, हातात कुरआन घेऊन, पुढे आल्या. बोर्डाने २००५मध्ये भोपाळला आदर्श निकाहनामा काढला. एका दमात तीन तलाक टाळावेत असे त्यात होते, पण दिला तर तो रद्द असे नव्हते.

आणखी एक नोंद मला मोलाची वाटते. मे २००२मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात पूर्णपीठाने निकाल दिला की 'मी तलाक दिला आहे' असे पोटगीच्या दाव्यात नुसते लिहून देणे म्हणजे तलाक नव्हे. कारण दाखवले पाहिजे, दोन्हीकडच्या पंचांमार्फत समेटाचा प्रयत्न झाला हे सिद्ध केले पाहिजे. म्हणजे ती पस्तिसावी आयत कट्ट्यावर विसरली गेली होती, पण औरंगाबादच्या न्यायालयात वाचली गेली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही याच दिशेचा निकाल दिला. पुढचे २०१७ आणि २०१९ वाचकांना ठाऊक आहे.

मी दलवाईंचा माणूस की इंजिनिअर यांचा, असे मला एका मित्राने विचारले. मी अर्जनवीस माणूस आहे. पक्षकार जो आधार मानतो तो आधार कागदात नीट उतरला पाहिजे, एवढे मला कळते. माझ्या मोहल्ल्यातली बाई आयत मानते. तिला आयतीबाहेरचा हक्क दाखवला तर ती घाबरते, आयतीतला दाखवला तर ताठ बसते. कायदा सर्वांना सारखा असावा हे खरे, पण तो येईपर्यंत तिच्या पेटीत काय असावे हाही प्रश्न आहेच.

अठ्ठाविसावा कागद

आता ते कारण. गेल्या हिवाळ्यात माझ्या मुलीचे लग्न ठरले. मुलगी नांदेडला डी. फार्म. झालेली, औषधाच्या दुकानात नोकरीला. स्थळ चांगले होते. बोलणी होत आली तेव्हा मी नानीचा कागद काढला आणि म्हणालो की यातल्या दोन अटी लिहून घ्याव्यात. मुलाचे थोरले चुलते उठूनच उभे राहिले. "निकाह के दिन तलाक की बात? ये अपने दीन में है क्या?" माझ्या बायकोने माझ्याकडे असे पाहिले की मीच स्थळ मोडायला निघालो होतो.

मी काझीसाहेबांना बोलावले. त्यांनी सियाहा डोळ्यांजवळ धरून वाचला, दोनदा वाचला. म्हणाले, "जायज है. इसमें कोई शक नहीं. मगर कोई लिखाताच नहीं." मग त्यांनी बरीराची हकीकत सांगितली. बरीरा ही सुटलेली दासी. मोकळी होताच तिने नवऱ्यापासून वेगळे होणे पत्करले. नवरा मुगीस मदीनेच्या गल्ल्यांतून रडत तिच्यामागे फिरू लागला. पैगंबरांनी तिला सांगून पाहिले. तिने विचारले, हा हुकूम आहे की शिफारस? शिफारस, असे उत्तर आले. मग मला त्याची गरज नाही, असे ती म्हणाली, आणि गोष्ट तिथेच संपली. पैगंबरांनाही नाही म्हणणारी बाई हदीसच्या ग्रंथात सन्मानाने बसली आहे, असे काझीसाहेब म्हणाले. चुलते काही बोलले नाहीत, पण खाली बसले.

शेवटी माझ्या मुलीनेच आतून सांगितले की मला होणाऱ्या नवऱ्याशी दहा मिनिटे बोलू द्या. तिची मावशी सोबत बसली. बाहेर आल्यावर मुलगा म्हणाला, लिहा. खर्चापाण्याची अट त्याने तशीच घेतली. दुसऱ्या लग्नाची अटही घेतली, फक्त 'त्याच घरात' हे शब्द काढायला सांगितले, म्हणजे कुठेही नाही. नानीच्या कागदापेक्षा तो एक पाऊल पुढे गेला. नोकरी चालू ठेवण्याबद्दल मी तिसरी अट सुचवली होती. ती मात्र चुलत्यांनी होऊ दिली नाही. 'हे घरातले बघून घेऊ' म्हणाले. मीही ताणले नाही. आजही मला वाटते की ताणायला हवे होते.

पाचशेच्या मुद्रांकावर मी स्वतःच्या हाताने उर्दूत आणि मराठीत लिहिले. भरल्या मजलिसीत वाचू नये अशी त्यांची विनंती होती, म्हणून आतल्या खोलीत वाचले. नवरा, नवरी, दोन गवाह आणि काझीसाहेब. सह्या झाल्या. माझ्या मुलीला अंगठा उठवावा लागला नाही.

पाहुणे गेल्यावर रात्री बायको मेहर मोजत होती, मुलीचा. मोजता मोजता म्हणाली, "मेरा कब देते?" मी हसण्यावारी नेले. ती हसली नाही. आमच्या निकाहात मेहर पाच हजार पाचशे एक्कावन्न ठरला होता, मुवज्जल. पहिल्या रात्री दोस्तांनी शिकवल्याप्रमाणे मी तिला तो माफ करायला सांगितले आणि तिने केला. इतकी वर्षे मी तो विषय संपलेला समजत होतो. "तुम पूछे थे, इसलिए माफ करी बोली. मेरेकू कोई पूछा क्या?" ती म्हणाली. अठ्ठावीस वर्षे दुसऱ्यांच्या कागदातली ऐन आणि हमजा भिंगाखाली पाहत होतो, आणि घरात ही बाकी थकलेली.

दुसऱ्या दिवशी स्टेट बँकेतून पैसे काढले आणि तिच्या हातात दिले. अठ्ठावीस वर्षांत त्या रकमेची किंमत काय राहिली, हे तिने विचारले नाही, मीही काढले नाही. मी सवयीने पावती लिहायला बसलो, तर तिने कागद माझ्या हातातून घेतला आणि स्वतः लिहिली. मेहर मिळाला, तारीख, सही. ती पावती तिने नानीच्या सियाह्यासोबत त्याच मेणकापडात ठेवली. पेटीची किल्ली तिच्याकडे असते.